पैनगंगेच्या अलीकडे, पलीकडे

नांदेडहून किनवट-आदिलाबादकडे जाणारी गाडी मुदखेडला हैदराबादचा मार्ग सोडून डावीकडे वळते आणि थोड्याच वेळात डब्यातली बोली बदलू लागते. भोकर मागे पडेपर्यंत एका बाकावर बंजाऱ्यांची गोरमाटी चाललेली असते, दुसऱ्यावर तेलुगू मिसळलेली मराठी, आणि दारापाशी उभी असलेली पोरं एकमेकांना दखनीत ‘नक्को बा’ म्हणत असतात. तिकीट तपासनीस सगळ्यांशी सगळ्या भाषांत बोलतो. बाहेर कापूस, सोयाबीन, तूर आणि पाणी असेल तिथे हळद. पुढे टेकड्या सुरू होतात, सागाची झाडं दिसू लागतात आणि हिमायतनगर येतं.

पावसाळ्यात या भागात येणारे प्रवासी सहसा पुढच्या सहस्रकुंडाला जातात. पैनगंगा तिथे काळ्या खडकावरून कोसळते आणि धबधब्याच्या एका काठावर नांदेड जिल्हा, दुसऱ्या काठावर यवतमाळ. महाशिवरात्रीला येणारे गावातल्या परमेश्वर मंदिराच्या यात्रेला येतात. मी यांपैकी कशासाठीच आलो नव्हतो. मला बघायची होती ती एक हद्द. पावणेदोनशे वर्षांपूर्वी कर्जापायी पडलेली, पुढे एका बाजूच्या लोकांनी पळून जाण्यासाठी ओलांडलेली, आणि आता एसटीत बसल्यावर कधी ओलांडली ते कळतसुद्धा नाही अशी.

गावाचं जुनं नाव वाढोणा. दुकानांच्या पाट्यांवर, लग्नपत्रिकांवर अजून ‘हिमायतनगर (वाढोणा)’ असं लिहिलेलं दिसतं. परमेश्वर वाढोण्याचा, तहसील हिमायतनगरची, अशी वाटणी लोकांनी आपापसात करून टाकलेली आहे. हैदराबादच्या सातव्या निजामाच्या थोरल्या मुलाचं, आझम जाहचं, मूळ नाव मीर हिमायत अली खान. हैदराबाद शहरातलं हिमायतनगर त्याच्याच नावाचं. या युवराजाला १९३६ पासून आणखी एक किताब होता, ‘वऱ्हाडचा राजपुत्र’. गंमत अशी की वऱ्हाडात त्याच्या घराण्याचा हुकूम चालत नव्हता. तिथे इंग्रजांचा डेप्युटी कमिशनर बसत होता. इथून थोड्या अंतरावर पैनगंगा, पैनगंगेपलीकडे वऱ्हाड, आणि नदीच्या अलीकडचं गाव त्या राजपुत्राच्या नावाचं.

गाव तालुक्याचं असलं तरी हिंडायला फार वेळ लागत नाही. बाजारपेठेत आडत दुकानं, खताची दुकानं, मोबाइलची दुकानं. मंदिराच्या आवारात बसायला सावली आहे, अजानही तिथपर्यंत ऐकू येते. इथल्या महाविद्यालयाला हुतात्मा जयवंतराव पाटलांचं नाव आहे. बाहेरच्या टपरीवर चहा पिणाऱ्या पोरांना मी ‘हुतात्मा कशात झाले?’ असं विचारलं. एकाने लगेच ‘मुक्तिसंग्रामात’ म्हणून सांगितलं. ‘कोणापासून मुक्ती?’ यावर तिघांची तीन उत्तरं आली: निजामापासून, रझाकारांपासून, इंग्रजांपासून. तिसऱ्याला बाकीचे हसले. पण तो अगदीच चुकला असं मला वाटलं नाही.

कारण ही हद्द इंग्रजांचीच. हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज निजामाच्या खर्चाने इंग्रज पोसत होते. तिचा पगार थकला, कर्ज साचलं, आणि १८५३ च्या तहाने निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावं लागलं. १९०२ मध्ये ते वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचं भाड्याने दिल्यासारखं झालं. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. पैनगंगा १८५३ पर्यंत नुसती नदी होती. त्या तहाने ती दोन राज्यांची शीव झाली.

आणि लगेच पलीकडच्या काठाला एका परक्या युद्धाचा लाभ झाला. १८६१ मध्ये अमेरिकेत गुलामगिरीच्या प्रश्नावरून उत्तर-दक्षिण यादवी पेटली. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस दक्षिणेतल्या गुलामांच्या हातचा होता. उत्तरेच्या आरमाराने बंदरं अडवल्यावर तो थांबला आणि इंग्रज व्यापारी हिंदुस्थानातल्या कापसामागे धावले. वऱ्हाड त्यात वर आलं. अमरावती, खामगावचे बाजार फुगले, पाठोपाठ रेल्वे आली. १८६५ मध्ये युद्ध संपलं, तेव्हा सहा लाखांवर माणसं मेली होती आणि सुमारे चाळीस लाख गुलाम कायद्याने मोकळे झाले होते. आठ वर्षांनी, १८७३ मध्ये, पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ छापलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी काळ्या गुलामांना सोडवलं. अमेरिकेच्या यादवीची मराठीतली याहून नेमकी नोंद मला माहीत नाही. वऱ्हाडातल्या व्यापाऱ्याने त्या युद्धात भाव पाहिला, फुल्यांनी माणूस पाहिला.

अलीकडच्या काठावर मात्र हैदराबादचं राज्य होतं. जमिनीपैकी सुमारे तीस टक्के जहागिरदारांकडे, दहाएक टक्के सर्फेखास, म्हणजे निजामाच्या खासगी खर्चाची, उरलेली खालसा. गुलाम विकायचा बाजार इथे भरत नव्हता, पण माणूस बांधून ठेवायच्या तऱ्हा पुष्कळ होत्या. अधिकारी गावात आला की त्याचं सामान वाहायला, घोड्याला चारा आणायला, लाकूड फोडायला बिनपैशाचे हात लागत. ती वेठ. बहुतेक वेळा ती महार-मांगांच्या आणि इतर खालच्या गणलेल्या जातींच्या वाट्याला येई. आणि लग्नासाठी, मयतीसाठी काढलेल्या थोड्याशा कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या सावकाराच्या शेतावर राबणं, याला तेलंगणाच्या बाजूला भागेला म्हणत. निजाम सरकारनेच १९३६ मध्ये भागेल्याच्या करारांवर मुदतीची बंधनं घालणारा कायदा केला होता. कायदा झाला, पण तो वाचून दाखवणार कोण? पटवारी सावकाराच्या ओसरीवर बसलेला आणि कागद उर्दूत.

बाजारात भेटलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी हे विचारलं तर ते म्हणाले, “तुमी निजामाचं काय घेऊन बसलात? आमचा बाप सालगडीच व्हता. पाडव्याला साल ठरायचं. उचल घेतली की पुढल्या पाडव्यापर्यंत मालक म्हणेल ती पूर्व. निजाम गेला तवा बाप कोणाच्या तरी आखाड्यावर वैरण कापत व्हता. त्याला दोन दिसांनी समजलं.”

स्वतंत्र भारताने १९७६ मध्ये वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा केला. त्याच्या व्याख्येत देशभरच्या वेठबिगारीच्या प्रकारांची नावं ओळीने दिली आहेत. ‘भागेला’ आणि ‘वेट्टी’ ही दोन्ही नावं त्यात आहेत. निजाम जाऊन तेव्हा अठ्ठावीस वर्षं झाली होती.

हिमायतनगरहून ढाणकी-उमरखेडकडे जाणारा रस्ता पैनगंगा ओलांडतो. पुलावर थांबून पाहिलं तर नदी फार रुंद नाही. उन्हाळ्यात तर ठिकठिकाणी चालत पार होण्यासारखी. १९४७-४८ मध्ये तिची रुंदी कोणी मोजत नव्हतं. पलीकडे गेलं की निजामाचा पोलीस हात लावू शकत नाही, एवढंच लोकांना ठाऊक होतं.

तो काळ थोडक्यात असा. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर १९३८ मध्ये, ती जन्माला येतानाच बंदी आली. १९४६ मध्ये ती उठली. स्वामी रामानंद तीर्थ अध्यक्ष झाले. संन्यास घेण्यापूर्वी त्यांचं नाव व्यंकटेश खेडगीकर. हिप्परग्याला आणि अंबाजोगाईला त्यांनी शिक्षकी केली होती, त्यामुळे मराठवाड्यातले बरेच कार्यकर्ते हे त्यांचे विद्यार्थीच. १९४६ मध्येच नांदेड जिल्ह्यात बिलोलीजवळ अर्जापूरला चळवळीतले कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांचा खून झाला. ७ ऑगस्ट १९४७ ला ‘भारतात सामील व्हा’ ही चळवळ सुरू झाली. निजामाने १५ ऑगस्टला सामील व्हायचं नाकारलं, नोव्हेंबरात भारताशी ‘जैसे थे’ करार केला आणि राज्यात लातूरचा वकील कासीम रझवी आणि त्याचे सशस्त्र स्वयंसेवक, रझाकार, यांचा जोर वाढत गेला. १९४१ च्या शिरगणतीप्रमाणे एक कोटी त्रेसष्ट लाखांचं राज्य. त्यातले ऐंशी टक्क्यांहून अधिक हिंदू, पण सरकारी नोकरी, फौज, कचेरीची भाषा यांत त्यांना जागा जेमतेम. हा नुसता धर्माचा झगडाही नव्हता. ‘इमरोज’चा तरुण संपादक शोएबउल्ला खान भारतात विलीन व्हावं असं लिहीत होता म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्याला गोळ्या घालून मारण्यात आलं. उलट बाजूला काही दलित पुढारी रझाकारांच्या वळचणीला गेले होते. डॉ. आंबेडकरांना १९४७ च्या नोव्हेंबरात पत्रक काढून बजावावं लागलं की हैदराबादेतल्या अस्पृश्यांनी भारताच्या शत्रूची बाजू घेऊ नये.

उमरखेड हा या भागातल्या लढ्याचा मोठा तळ. गाव वऱ्हाडातलं, म्हणजे तोवर स्वतंत्र भारतातलं. अलीकडून घरंदारं सोडून आलेली कुटुंबं तिथे होती आणि हत्यारं चालवायला शिकणारी पोरंही. अनंत भालेराव, जे पुढे ‘मराठवाडा’चे संपादक म्हणून गाजले, याच कॅम्पवर होते. ‘पेटलेले दिवस’मध्ये त्यांनी त्या दिवसांबद्दल लिहिलं आहे. इथे येण्यापूर्वी ते पुस्तक वाचून यावं. आजच्या उमरखेडच्या बसस्थानकावर उतरलेल्या माणसाला त्या कॅम्पची खूण सहजी सापडत नाही. दोन-तीन जणांना विचारलं तर एकाने मला साखर कारखान्याचा रस्ता दाखवला.

कॅम्पवाल्यांचं काम रात्रीचं. नदी ओलांडायची, करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका किंवा पोलीस चौकी गाठायची, कागद जाळायचे, उजाडायच्या आत परत. त्याआधी सत्याग्रहाच्या दिवसांत शिंदीची झाडं तोडायचा कार्यक्रम होता. शिंदीवरचं उत्पन्न सरकारी तिजोरीत जाई म्हणून झाडावर कुऱ्हाड. या सगळ्यात गाजली ती उमरीची बँक. मुदखेड-धर्माबाद मार्गावरचं उमरी हे व्यापाराचं गाव. ३० जानेवारी १९४८ ला तिथल्या बँकेवर छापा घालून वीस लाखांहून जास्त रक्कम पळवली गेली. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. अहिंसेच्या नावाने सुरू झालेली काँग्रेस, बंदुकीने लुटलेली बँक आणि गांधींचा अंत, एकाच तारखेत! त्या पैशाचा पै न्‌ पैचा हिशेब ठेवला, हे जुने कार्यकर्ते पुढे अभिमानाने सांगत. हिशेबाचा हा आग्रह मला लुटीपेक्षा जास्त लक्षात राहतो.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा चारी बाजूंनी हैदराबादेत शिरल्या. सरकारी भाषेत ती पोलीस कारवाई. पाच दिवसांत, १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती रेडिओवरून जाहीर केली. मराठवाड्यात दरवर्षी त्या दिवशी झेंडावंदन होतं. हिमायतनगरच्या तहसिलीतही होतं. भाषणं होतात, शाळकरी मुलं रझाकारांच्या अत्याचारांच्या गोष्टी सांगतात. त्या खऱ्याच आहेत. कंधार तालुक्यातल्या कल्हाळीच्या गढीवरचा हल्ला, लुटलेली गावं, जाळलेली घरं, या भागातल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाजवळ त्यातली एक तरी गोष्ट असते.

पण १८ सप्टेंबरची गोष्ट भाषणात येत नाही. फौजा पुढे गेल्या आणि मागे गावोगाव सूड सुरू झाला. रझाकार कोण आणि नुसता शेजारी राहणारा मुसलमान विणकर, तांबोळी, अत्तार कोण, हे बघायला कोणी थांबलं नाही. नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना पाहणीला धाडलं. नोव्हेंबर-डिसेंबरात ते राज्यभर फिरले. मारल्या गेलेल्यांचा त्यांचा अंदाज होता कमीत कमी २७ ते ४० हजार. सर्वांत जास्त झळ बसलेले जिल्हे त्यांनी नोंदवले ते उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. लातुरात, रझवीच्या गावी, दहाएक हजार मुसलमानांपैकी त्यांना जेमतेम तीन हजार उरलेले दिसले. हजाराहून अधिक मारले गेले होते, बाकीचे पळाले होते. काही ठिकाणी फौजेतल्या आणि पोलिसांतल्या माणसांनीही लुटालुटीला हात लावल्याचं त्यांच्या अहवालात आहे, आणि मुसलमान शेजाऱ्यांना जीव धोक्यात घालून वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद आहे. हा अहवाल सरकारने छापला नाही. कितीतरी दशकांनी तो दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात लोकांना वाचायला मिळाला.

मी मराठवाड्यातल्या हुतात्मा स्मारकांचे खांब बरेच पाहिले आहेत. संगमरवरावर काळ्या अक्षरांत नावं असतात. त्या नावांपुढे मान लवते, लवायलाच हवी. तरी माझं म्हणणं असं आहे की १९४८ मध्ये इथे जे झालं ते दोन भागांत झालं. एका भागाला आपण खांब दिले, दुसऱ्याला कपाट. रझाकारांचा जुलूम सांगताना पुढचे दोन महिने गाळायचे, किंवा ते दोन महिने सांगताना आधीचं वर्ष गाळायचं, या दोन्ही सवयी मला सारख्याच खोट्या वाटतात. हिमायतनगरच्या बाजारात ज्यांची दुकानं शेजारी शेजारी आहेत त्यांच्या आज्यांनी हे दोन्ही पाहिलेलं असणार. एका कापड दुकानदाराशी बोलताना मी विषय काढला. त्यांनी गिऱ्हाइकाला ओढणी दाखवली, पैसे मोजून घेतले आणि मग म्हणाले, “भाईजान, हमारे अब्बा बोलते थे, वो साल की बात नक्को निकालो.” आणि चहा मागवला. मी पुन्हा विचारलं नाही.

तुटलेलं राज्य सांधायचं काम फौजेपेक्षा कारकुनांनी जास्त केलं. १९४९ मध्ये सर्फेखास सरकारजमा झाली, जहागिरी गेल्या. १९५० च्या कूळ कायद्याने ‘संरक्षित कूळ’ नावाचा माणूस कागदावर आला. ज्याचं नाव वेळेवर लागलं तो शेतकरी झाला, ज्याचं पटवाऱ्याने लावलं नाही तो मजूर राहिला. एवढ्या एका नोंदीने किती घरांची नशिबं ठरली! पैशाचीही भानगड होती. इकडे हाली शिक्का, तिकडे कलदार, सात हालीला सहा कलदार असा हिशेब. साल मोजायचं ते फसली, १९४८ म्हणजे १३५७. कचेरीतली उर्दू जाऊन मराठी आली, शाळांचं माध्यम बदललं. नांदेडला १९५० मध्ये पीपल्स कॉलेज निघालं. स्वामीजींच्याच पुढाकाराची ती संस्था, आणि विचारवंत नरहर कुरुंदकर पुढे तिथे शिकवत. ज्यांच्या वडिलांना सहीही येत नव्हती ती पोरं गावाकडून येऊन तिथे बी.ए. झाली.

मग १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्यच मोडलं. नकाशावर भाषेप्रमाणे रेघा ओढल्या तेव्हा या कोपऱ्यात बरंच कातरकाम झालं. मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळं नांदेडमधून आंध्रात गेली, बिचकुंदा आणि जुक्कल तिकडे गेली. आदिलाबादमधून किनवट आणि राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातलं इस्लापूर मंडळ इकडे आलं. राजुरा नंतर चांदा जिल्ह्याला जोडला. हिमायतनगरहून इस्लापूरला जाताना रस्त्यात जुन्या जिल्ह्याची हद्द केव्हा लागली ते कोणालाच सांगता येत नाही, पण सोयरिकी अजून भैंश्याला, निर्मलला होतात. तिकडच्या सुनांची मराठी पहिल्या वर्षात थोडी अडखळते, मग रुळते. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. पैनगंगेच्या दोन्ही काठांना तेव्हा पहिल्यांदा एकच मराठी राज्य मिळालं.

सांधलेल्या घरात पुन्हा तडा गेला तो १९७८ मध्ये, मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायच्या ठरावावरून. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळ्यांना मारण्यात आलं. दलित वस्त्या जळाल्या. मुक्तिसंग्रामाचं नाव घेणारे काही लोकही तेव्हा नामांतराच्या विरोधात उभे होते. हे लिहिताना संकोच वाटतो, पण लिहिल्याशिवाय या जिल्ह्याचं वर्णन अर्धंच राहील. शेवटी १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघालं. हिमायतनगरची पोरं आता त्याच विद्यापीठाच्या परीक्षा देतात.

येणाऱ्याने सप्टेंबरात यावं. पैनगंगेला पाणी असतं, सहस्रकुंड चालू असतं, शेतं हिरवी असतात आणि सतरा तारखेची भाषणं ऐकायला मिळतात. दसरा-दिवाळीनंतर आलात तर तांडे रिकामे दिसतील. मुकादमाची उचल घेऊन माणसं ऊसतोडीला निघालेली असतात. फिटली तर फिटली, नाहीतर उचल पुढच्या हंगामावर जाते.

तहसिलीतही एकदा डोकावावं. १९५४-५५ चं खासरा पत्रक काढायला इथे बारमाही गर्दी असते, कारण मराठवाड्यात जमिनीचा वाद त्या कागदाशिवाय पुढे सरकत नाही. गेल्या काही वर्षांत त्यात भर पडली आहे ती मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधणाऱ्यांची. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती बसली, सप्टेंबर २०२५ मध्ये हैदराबाद गॅझेटबाबतचा शासन निर्णय निघाला आणि ज्या निजामाच्या दफ्तराला नावं ठेवत तीन पिढ्या वाढल्या त्याच दफ्तरात आता आजोबांची जात सापडते का ते शोधणं चाललं आहे. दफ्तर उर्दूत, काही मोडीत. वाचणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मी गेलो त्या दिवशी आवारातल्या लिंबाखाली एक निवृत्त उर्दू शिक्षक खुर्ची टाकून बसले होते आणि डोक्याला टापर बांधलेले चार पाटील त्यांच्यापुढे झेरॉक्स धरून उभे होते. मास्तरांनी चष्मा वर करून विचारलं, “ये कौनसा मौजा है? सवना?” पाटील म्हणाले, “व्हय मास्तर, तेच. जरा सावकाश वाचा, मी लिहून घेतो.”